आठवीतच नववी उरकणाऱ्या ‘फाउंडेशन’ शाळा: हायस्कूलला किती कामी येतात?

तालुक्याच्या गावात शिरताना बसस्टँडच्या अलीकडे फ्लेक्स लागलेला असतो. ‘सहावीपासून फाउंडेशन’, ‘आठवीतच नववी पूर्ण’, ‘नीट-जेईईचा पाया इथेच’. खाली पोरांचे पासपोर्ट फोटो आणि त्यांच्याखाली गुण. हे परीक्षण एका शाळेचं नाही. यवतमाळ काय, वाशीम काय, बुलढाणा काय, साचा तोच असतो, म्हणून साच्याचंच केलं आहे.

साचा असा. माध्यम सेमी. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. चालू वर्षाचं गणित-विज्ञान पहिल्या सत्रात, म्हणजे दिवाळीपर्यंत उरकायचं आणि दिवाळीनंतर पुढच्या इयत्तेचं धरायचं. बालभारतीचं पुस्तक दप्तरात असतं, पण शिकवणं ‘मॉड्यूल’मधून, म्हणजे वेगळ्या छापील पुस्तिकांमधून होतं. दर शनिवारी ओएमआर शीटवर, म्हणजे बरोबर पर्यायाचा गोल काळा करायच्या उत्तरपत्रिकेवर, पर्यायी प्रश्नांची टेस्ट. आठवी संपते तेव्हा पोरगं कागदावर वर्षभर पुढे गेलेलं असतं.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. अकरावी सायन्सला या शाळेचा उपयोग होतो. नववी-दहावीला होतो, पण फ्लेक्सवर लिहिलाय त्याच्या पावपट. आणि बीजगणित कच्चं असलेल्या पोराचं तर इथे नुकसानच होतं, कारण कच्चं राहिलेलं झाकून पुढे जायची सोय इथे फार चांगली आहे.

चांगलं आहे ते आधी. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या पोरापुढे अकरावी सायन्सच्या पहिल्याच महिन्यात भिंत उभी राहते. त्याला ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला फरक नीट कळलेला असतो, पण फळ्यावर ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ येतं आणि कोणतं कोणतं हे लक्षात येईपर्यंत तास संपतो. त्वरण, संवेग, जडत्व, संयुजा, सगळ्यांचं तेच. फाउंडेशनमधून आलेल्या पोराला हे शब्द तीन-चार वर्षं कानावर पडून पाठ झालेले असतात. खेड्यातल्या मुलाला याची किंमत मोठी आहे, त्यात कंजुषी करायचं कारण नाही. दुसरं म्हणजे आकडेमोड. तीसपर्यंतचे वर्ग, पंधरापर्यंतचे घन, अपूर्णांकांचं दशांशात रूपांतर, हे तोंडी होतं. तिसरं, घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय. ज्या जिल्हा परिषद शाळेत गणित-विज्ञानाची जागाच रिकामी आहे, तिच्या तुलनेत इथे रोज तास होतो, ही गोष्टही छोटी नाही.

आता बिघडतं कुठे ते पाहू. सगळ्यांत जास्त बिघडतं क्रमात. आठवीच्या गणितात ‘एकचल समीकरणे’ हा धडा दुसऱ्या सत्रात येतो. क्षेत्रफळाचा धडा त्याच्याही नंतर, आणि समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ त्यात आहे. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. आता फाउंडेशनमध्ये गणिताचे सर वेगळे, फिजिक्सचे सर वेगळे आणि दोघंही आपापल्या वेगात. फिजिक्सचे सर पुढे निघाले की गतीची समीकरणं पोराला एकचल समीकरणांच्या आधी भेटतात. व्ही = यू + एटी फळ्यावर येतं आणि प्रश्न पडतो: सुरुवातीचा वेग ४, शेवटचा १९, वेळ ३ सेकंद, तर त्वरण किती? पद बाजू बदलून नेताना चिन्ह का बदलतं हे ज्याला शिकवलेलंच नाही, त्याला १९ मधून ४ वजा करून ३ ने भागायचं हे सुचणार कसं?

मग युक्ती शिकवली जाते. ओहमच्या नियमासाठी त्रिकोण काढतात: वर व्ही, खाली आय आणि आर, हवं ते अक्षर बोटानं झाका, उरेल ते उत्तर. हा त्रिकोण गुणाकारावर चालतो. व्ही = यू + एटी मध्ये बेरीज आहे, तिथे बोट ठेवून काही होत नाही. म्हणून त्या एकाच समीकरणाची चार रूपं चार वेगळी सूत्रं म्हणून पाठ करून घेतली जातात. तीन समीकरणांची दहा-बारा सूत्रं होतात. वहीत ती चौकटी करून, लाल-निळ्या पेनानं सुंदर लिहिलेली असतात आणि पालकाला वाटतं, केवढा अभ्यास झाला! तिसरं समीकरण वेग-काल आलेखावरून काढायचं असतं. त्याला समलंब चौकोन लागतो: समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. ते गणितात अजून यायचं असल्यानं सिद्धता ‘इम्पॉर्टंट नाही’ म्हणून सोडून देतात. नववीच्या परीक्षेत नेमकी ती विचारली जाते.

याला उपाय अवघड नाही. दोन्ही विषयांचा मिळून एकच वर्षाचा तक्ता करायचा आणि समीकरणं व क्षेत्रफळ आधी घेऊन मगच गती काढायची. काही ठिकाणी हे करतात, तिथली मुलं खरंच बरी निघतात. प्रवेशाच्या वेळी हा तक्ता मागावा. ‘तसा काही लेखी नसतो, आमचं सगळं प्लॅनिंग डोक्यात असतं’ असं उत्तर आलं, तर काय ते समजून घ्यावं.

दुसरा घोळ पर्यायी प्रश्नांचा. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताचा एक पेपर ४० गुणांचा, त्यात पर्यायी प्रश्न ४ गुणांचे. फक्त ४. बाकी ३६ गुण लिहून मिळवायचे. विज्ञानाच्या ४० पैकी पर्यायी ५. नववीचा नमुनाही बराचसा असाच. म्हणजे दर शनिवारी ज्या प्रकारची परीक्षा घेतली जाते, तिचं हायस्कूलच्या पेपरातलं वजन दहा-बारा टक्के.

एक उदाहरण जवळून बघू. अवयव पद्धतीने सोडवा: क्ष² − १५क्ष + ५४ = ०. फाउंडेशनचं पोरगं पाच सेकंदांत ‘९, ६’ लिहून मोकळं होतं. उत्तर बरोबर आहे. तपासणारा मात्र पायऱ्या बघतो: क्ष² − ९क्ष − ६क्ष + ५४ = ०, मग क्ष(क्ष − ९) − ६(क्ष − ९) = ०, मग (क्ष − ९)(क्ष − ६) = ०, म्हणून क्ष = ९ किंवा क्ष = ६. दोन गुणांच्या प्रश्नात पायरीपायरीला अर्धा-अर्धा गुण असतो आणि नुसत्या उत्तराला शेवटचा तेवढा. पोरगं हुशार, उत्तर बरोबर आणि गुण अर्धा. दुसऱ्या पायरीतल्या कंसाबाहेर ‘उणे ६’ काढताना आतलं चिन्ह बदलतं. तिथेच निम्मी पोरं अडकतात आणि ती चूक ओएमआरवर कधीच दिसत नाही, कारण ओएमआरवर फक्त गोल काळा केलेला असतो. अनेक ठिकाणी याहून सोपं शिकवतात: चारही पर्याय समीकरणात टाकून बघा, ज्यानं शून्य येईल ते उत्तर. स्पर्धा परीक्षेत ही अक्कलहुशारीच आहे. पण नववीच्या वर्गात, पर्याय नसलेल्या कागदापुढे, हातात काहीच उरत नाही.

भूमितीचं तर विचारूच नका. नववीच्या पहिल्याच धड्यात पक्ष, साध्य, सिद्धता ही मांडणी येते आणि दहावीत समरूपता, वर्तुळ, कोनदुभाजकाचं प्रमेय, सगळं तिच्यावर उभं राहतं. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचं असतं: व्युत्क्रम कोन, समान बाजू, बाकोबा कसोटी. ओएमआरवर सिद्धता विचारता येत नाही, म्हणून ती शिकवली जात नाही. भूमिती म्हणजे मॉड्यूलमध्ये ‘क्ष ची किंमत काढा’ एवढीच उरते. रचनांसाठी तर बहुतेक ठिकाणी कंपास-पट्टी काढायचेही कष्ट घेत नाहीत. नववीत भाग दोनचा पेपर हाती पडला की बीजगणितात ३५ घेणारं पोरगं भूमितीत १४ वर येतं आणि घरी सगळे म्हणतात, नववीची शाळा खराब आहे.

नववीची शाळा खराब असेलही. पण हा खड्डा आधीच पडलेला असतो.

भाषा हा तिसरा मुद्दा, आणि पालक याकडे अजिबात बघत नाहीत. दहावीचे सहा विषय मिळून ६०० गुण, त्यात तीन भाषांचे ३००. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये एक विषय गळतो. पण गळतो एकच, म्हणून निदान दोन भाषा टक्केवारीत राहणारच: ५०० पैकी २००. प्रत्येक भाषेचा पेपर ८० गुणांचा लेखी. उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर, पत्र, बातमी, जाहिरात, सारांश. फाउंडेशनच्या वेळापत्रकात मराठी आणि हिंदी शेवटच्या तासाला, तोही शनिवारच्या टेस्टसाठी उसना जाणारा. चार वर्षं सलग दोन परिच्छेद न लिहिलेल्या पोराचा हात दहावीत तीन तास चालत नाही, अक्षरही जातं. इतिहास-भूगोलाचं याहून वाईट. शेवटी ‘नोट्स’ वाटल्या जातात, बस.

प्रयोगशाळेबद्दल फार लिहिण्यासारखं नसतं, कारण ती कुलूपबंद असते. एकच चाचणी पुरे. आठवीच्या एखाद्या मुलाच्या हाती बहिर्गोल भिंग द्या आणि खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडायला सांगा. भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे साधारण नाभीय अंतर. भिंगाचं सूत्र घडाघडा म्हणणारी मुलं भिंग भिंतीला टेकवून उभी राहतात.

फ्लेक्सवरच्या परीक्षांची यादी मात्र बारकाईनं वाचावी. ‘एनटीएसई’ (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) अजून छापलेलं असेल तर पत्रक जुनं तरी आहे किंवा शाळा झोपलेली तरी. ती योजना २०२१ पासून बंद पडलेली आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते, तिची तयारी करून घेत असतील तर चांगलं. त्यात लेखी टप्प्यानंतर प्रात्यक्षिकही असतं, त्यामुळे वर सांगितलेलं कुलूप उघडावं लागतं.

आणि एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. इथे खरा तोटा होतो आणि तो प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. आठवीत होणाऱ्या या परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरासाठी ही रक्कम किती आहे ते वेगळं सांगायला नको. पण ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत नाव गेलं की अपात्र. बहुतेक फाउंडेशन शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदान नसलेल्याच. म्हणजे ज्या हुशार पोराला ही शिष्यवृत्ती लागायची शक्यता सगळ्यांत जास्त, त्याचंच नाव सहावीत इकडे आणून त्याचा हक्क घालवला जातो, वर फी भरून! फ्लेक्सवर एनएमएमएसचे फोटो असतील तर विचारावं, ही मुलं पटावर कोणत्या शाळेची? उत्तर बहुतेक वेळा ‘आमच्या बॅचची’ असं येतं. बॅच वेगळी, पट वेगळा.

दिवस आणि रस्ता यांचा हिशेब घरातच करावा. मुलींना एसटीचा प्रवास बारावीपर्यंत मोफत आहे आणि मानव विकास योजनेच्या निळ्या एसटी गाड्या गावागावांतून फिरतात, पण त्या हायस्कूलच्या वेळेवर, अकरा ते पाचच्या हिशेबानं. फाउंडेशनची शाळा आठला भरते, सुटायची वेळ शनिवारी वेगळी. मग शाळेची व्हॅन, तिचे पैसे वेगळे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की व्हॅन फाट्यावरच थांबते. वीस किलोमीटरवरून येणारं पोरगं सहाला उठतं आणि संध्याकाळी घरी येऊन झोपतं. मग घरी सराव व्हायचा कधी? पुढे पळणाऱ्या अभ्यासाला रोज तासभर स्वतः बसून सोडवणं लागतं, आणि तो तास रस्त्यावर जातो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना हा वेळ मिळतो. त्यांचे आणि येऊन-जाऊन करणाऱ्यांचे निकाल वेगळे करून मागावेत, फ्लेक्सवर ते एकत्र असतात.

उन्हाळी बॅच हा आमच्या भागातला खास प्रकार. विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. ती भरपाई म्हणून एप्रिल-मे मध्ये पुढची इयत्ता सुरू करतात. पारा ४४-४५ ला टेकलेला, टिनाचं छप्पर, दुपारी वीज गेलेली. अशा वर्गात बाराच्या पुढे शिकवलेलं काही टिकत नाही. बॅच सकाळी सात ते दहा असेल तर ठीक. सोंगणी आणि वेचणीच्या दिवसांत उलटा त्रास होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर गैरहजेरी वाढते आणि नेमकं तेव्हाच शाळा एका इयत्तेतून दुसरीत उडी मारत असते. ज्या आठवड्यात पोरगं वावरात होतं, त्याच आठवड्यात ‘बहुपदी’ संपलेली असते. परत घेत नाहीत, कारण वेळापत्रक पुढे गेलेलं असतं.

कायद्याच्या बाजूनं दोन गोष्टी माहीत असाव्यात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार आठवीपर्यंत प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही, पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून तिला ‘स्कॉलरशिप टेस्ट’ म्हणतात आणि फीत सूट दिल्याचं दाखवतात. सूट धरून उरलेली फी तीच खरी फी समजावी. दुसरं, केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोचिंग सेंटरनं १६ वर्षांखालचा विद्यार्थी घेऊ नये. त्यामुळे कोचिंगचीच संस्था शाळेची पाटी लावते. पाटी खरी असेल तर ११ अंकी युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक) असतो आणि मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे हे कळतं. आठवीपर्यंतच मान्यता असून नववी-दहावीची मुलं दुसऱ्याच शाळेच्या पटावर दाखवणारे असतात. तिथे दहावीच्या अर्जात, अंतर्गत गुणांत आणि ७५ टक्के हजेरीत घोळ होतो, आणि तो कळतो फेब्रुवारीत.

मग कोणी घालावं? ज्या पोराचं सातवीपर्यंतचं गणित पक्कं आहे, जे घरी एकटं बसून सोडवतं आणि ज्याला सायन्सच घ्यायचं आहे, त्यानं आठवी-नववीला जावं. सहावीपासून नको. सहावी-सातवीच्या दोन वर्षांत गावच्या शाळेत राहून पुस्तकातले सगळे सरावसंच पायऱ्यांसह सोडवले तर जास्त हाती लागतं. नवोदयला लागलं तर प्रश्नच मिटतो, तिथे बारावीपर्यंतची सोय आहे आणि ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला. बाकीच्यांनी अनुदानित हायस्कूलमध्ये नाव ठेवून संध्याकाळी तासभराची साधी गणिताची शिकवणी लावावी. स्वस्त पडते आणि पटावरचे हक्क शाबूत राहतात.

बघायला जायचं तर शनिवारी जाऊ नये, त्या दिवशी सगळं छान दिसतं. बुधवारी दुपारी जावं आणि नववीच्या कोणत्याही एका मुलाची भूमितीची वही मागावी. ‘सिद्धता’ किंवा ‘प्रूफ’ हा शब्द किती पानांवर आहे, त्यावर लाल पेन फिरलाय का आणि चुकलेलं गणित खाली पुन्हा सोडवून घेतलंय का, एवढंच बघावं. मागच्या वर्षी इथून आठवी करून दुसऱ्या हायस्कूलला गेलेल्या मुलांचे नववीच्या पहिल्या घटक चाचणीचे गुण मिळाले तर त्याहून चांगलं. फ्लेक्सवरचे गुण ओएमआरचे असतात, हे आठवीच्या पुढचे.

पैसे भरताना फीचे भाग वेगळे लिहून घ्यावेत: शाळेची फी, मॉड्यूल, टेस्ट सिरीज, व्हॅन, उन्हाळी बॅच. २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. समितीत कोण आहेत ते विचारायला लाजू नये. पावती शाळेच्या नावाची हवी, ‘अकॅडमी’च्या नाही. जूनमध्ये पेरणीचा खर्च असतो, तेव्हा पूर्ण फी मागतात. कापसाचा चुकारा हाती येईल त्या जानेवारीत निम्मा हप्ता ठेवायला बरेच जण तयार होतात, पण ते पावतीवर लिहून घ्यावं लागतं. आणि पोरगं सातवीत असेल, ५५ टक्क्यांच्या वर असेल, तर मूळ शाळेतून टीसी काढायची घाई करू नये. आठवीचा एनएमएमएसचा अर्ज त्याच शाळेतून भरला जातो, आणि निवड झाली तर नववीलाही सरकारी किंवा अनुदानित शाळेतच नाव असावं लागतं.